इंग्लंडच्या घरांतल्या सेंट्रल हीटिंगसाठी इनहिबिटर (गंजरोधक) पाठवायचंय, सर्टिफिकेटचं नेमकं कसं असतं?

केमिकलवाली_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पप्पांनी सुरू केलेलं, आता मी बघते. कूलिंग टॉवर आणि चिल्ड वॉटरची केमिकलं बनवतो, जालन्याच्या रोलिंग मिलांना आणि इथल्या ऑटो पार्टवाल्यांना माल जातो. आता ओळखीतून लेस्टरचा एक डिस्ट्रिब्युटर मागे लागलाय, तिकडच्या घरांत बॉयलर आणि रेडिएटरची सेंट्रल हीटिंग असते त्याच्या पाण्यात टाकायचं गंजरोधक त्याला पाहिजे, एक लिटरच्या बाटलीत, त्याच्या ब्रँडने. पहिलाच प्रश्न त्याने विचारला की बिल्डसर्ट अप्रूव्ह्ड आहे का.

आमचं बंद सर्किटचं प्रॉडक्ट आहे, नाइट्राइट-बोरेट आणि सोबत तांब्यासाठी टॉलिलट्रायझोल, चिल्ड वॉटरमध्ये माइल्ड स्टीलच्या कूपनचे (चाचणीसाठी पाण्यात ठेवायच्या धातूच्या पट्ट्यांचे) रिझल्ट एकदम चांगले येतात, कस्टमर खुश आहेत. तर मला विचारायचंय की हे सर्टिफिकेट सरकारी असतंय का, सक्तीचं आहे का, इथल्या एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा रिपोर्ट चालतो का, आणि आहे तोच फॉर्म्युला पाठवला तर पास होईल का. एक कन्सल्टंट म्हणतोय लेबलवर "बीएस ७५९३ प्रमाणे" छापा आणि पाठवून द्या, कोण बघतंय. मला ते पटत नाही, लोकांच्या घरात जाणारी वस्तू आहे. कोणी या लाइनमध्ये असेल तर सविस्तर सांगा.

अंबाजोगाईकर_युके

ताई, मी बर्मिंगहॅमकडं हीटिंगचंच काम करतो, बॉयलर बसवणं, सर्व्हिस, जुनी सिस्टीम धुणं. आधी त्या कन्सल्टंटचं सांगतो, त्याचं अजिबात ऐकू नका. बीएस ७५९३ हे प्रॉडक्टचं स्टँडर्डच नाही, ती कामाची पद्धत आहे, म्हणजे सिस्टीम आधी साफ कशी करायची, फ्लश कशी करायची, इनहिबिटर कधी टाकायचं, नंतर किती दिवसांनी तपासायचं. बाटली त्याच्या "प्रमाणे" असूच शकत नाही. इथला कुठलाही बरा इंजिनिअर ते लेबल वाचेल आणि बाटली परत ठेवून देईल.

बाटलीची तपासणी होते ती बिल्डसर्टच्या स्कीममध्ये, तिला सीआयएएस म्हणतात, केमिकल इनहिबिटर अप्रूव्हल स्कीम. सरकारी नाही आणि कायद्याने सक्तीही नाही. पण व्यवहारात सुटका नाही, कारण इथले बिल्डिंग रेग्युलेशन पार्ट एल सांगतात की पाण्याची ट्रीटमेंट बीएस ७५९३ प्रमाणे करा, बॉयलर कंपन्या वॉरंटीला तीच अट लावतात आणि बऱ्याच जणांच्या मॅन्युअलमध्ये अप्रूव्ह्ड इनहिबिटर वापरा असं लिहिलेलं असतं. नवीन बॉयलर बसवला की बेंचमार्क नावाचा एक फॉर्म भरावा लागतो, त्यात क्लीनर कुठला वापरला, इनहिबिटर कुठलं आणि किती लिटर टाकलं हे मी माझ्या सहीने लिहून देतो. उद्या हीट एक्स्चेंजरला (बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग) भोक पडलं तर तो कागद आधी काढतात. त्यामुळं बिनअप्रूव्हलची बाटली मी तरी कुणाच्या घरात ओतणार नाही.

२०१९ ला बीएस ७५९३ ची नवी आवृत्ती आली, त्यात दरवर्षी इनहिबिटरची पातळी तपासा, पाच वर्षांनी परत डोस द्या नाहीतर पाण्याचं सॅम्पल लॅबला पाठवून पूर्ण तपासणी करा, आणि बॉयलर नवा बसवला की लाइनमध्ये फिल्टर लावा, असं सगळं आहे. म्हणून तुमच्या प्रॉडक्टसोबत साइटवर पातळी मोजायची सोपी टेस्ट किटसुद्धा लागेल हे आत्ताच डोक्यात ठेवा. मॉलिब्डेट असलं तर रंगावरून मोजता येतं, बरेच ब्रँड तसंच करतात.

घरची सिस्टीम कशी असते ते पण सांगतो, कारण चिल्ड वॉटर आणि हे वेगळंय. आठ-दहा रेडिएटरचं घर म्हणजे साधारण शंभर लिटर पाणी, त्यात एक लिटरची बाटली, म्हणजे एक टक्का. पाणी सत्तर-ऐंशी डिग्रीला फिरायचं, पण २०२२ पासून नवीन सिस्टीम ५५ डिग्रीच्या आत डिझाइन करायचा नियम आलाय. आणि त्याच पाण्यात रेडिएटरचं पातळ स्टील, तांब्याचे पाइप, पितळेचे व्हॉल्व्ह, पंपाचं कास्ट आयर्न, बॉयलरमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा हीट एक्स्चेंजर, सगळे एकत्र. रबराच्या सील वेगळ्या. बिल्डसर्टच्या टेस्टमध्ये म्हणूनच हे वेगवेगळे धातू असतात, कठीण आणि मऊ दोन्ही पाण्यात, शिवाय क्षार जमतो का आणि रबर-प्लास्टिकवर काय परिणाम होतो तेही बघतात.

उदगीरचा_प्लांटवाला

सरळ एनएबीएल लॅबकडून एएसटीएम डी १३८४ ही गंजाची चाचणी करून घ्या ना, आमच्या कूलंटला तेच मागतात. त्यात पण तांबं, सोल्डर, पितळ, स्टील, कास्ट आयर्न, ॲल्युमिनियम सहाही असतात. रिपोर्ट दाखवला की काम झालं.

निवृत्त_केमिस्ट_नांदेड

डी १३८४ ही इंजिन कूलंटची काचपात्रातली चाचणी आहे. ८८ डिग्री, ३३६ तास, आणि पूर्ण वेळ त्यात हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. घराच्या सेंट्रल हीटिंगचं पाणी बंद असतं, सुरुवातीला विरघळलेला ऑक्सिजन काही दिवसांत गंजात खपून जातो आणि पुढं सगळा खेळ बिनऑक्सिजनचा. लोखंड पाण्याशीच रिॲक्ट होतं, काळं मॅग्नेटाइट तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून तिकडं रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागतो, कारण खाली काळा गाळ बसलेला असतो, आणि वरची हवा काढायला गेलं तर निघणारा वायू पेट घेतो. अंबाजोगाईकरांनी हे पाहिलं असणार. तेव्हा डी १३८४ घरी अंदाज घ्यायला ठीक, पण बिल्डसर्टच्या जागी तो रिपोर्ट ठेवता येत नाही. मान्यता देणारी संस्था स्वतःच्या पद्धतीने, ठरलेल्या लॅबमध्येच चाचणी घेते.

आता ताई, तुमच्या फॉर्म्युल्याबद्दल मोकळेपणानं सांगतो. स्टीलच्या कूपनवर चांगला रिझल्ट येणं यात नवल नाही, नाइट्राइट स्टीलला छानच सांभाळतं. पण तुमच्या कस्टमरकडं ॲल्युमिनियम होतं का? बोरेटचा बफर पाण्याचा पीएच नऊच्या वर धरून ठेवतो आणि ॲल्युमिनियम उभयधर्मी आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळतं, साडेआठच्या वर गेलं की त्याचं संरक्षक ऑक्साइडच विरघळायला लागतं. तिकडच्या नव्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये तो एक्स्चेंजर सगळ्यात महागडा भाग असतो. माझ्या मते तुमचा फॉर्म्युला इथंच अडेल.

दुसरी गोष्ट. नाइट्राइट हे ॲनोडिक इनहिबिटर, म्हणजे धातू जिथं विरघळतो ती जागा झाकणारं. डोस पुरेसा असला की उत्तम, डोस कमी पडला की सगळीकडं थोडा गंज यायच्या ऐवजी एकाच ठिकाणी खोल खड्डा पडतो. कारखान्यात तुमचा माणूस महिन्याला जाऊन मोजतो. घरात कोण मोजणार? एखादा सांधा गळला, घरमालकानं प्रेशर कमी दिसलं की नळाचं पाणी भरलं, परत भरलं, इनहिबिटर पातळ होत गेलं आणि प्रत्येक वेळी ताजा ऑक्सिजनही आत आला. शिवाय नाइट्राइट बॅक्टेरिया खातात. म्हणून घरगुती मालासाठी मॉलिब्डेट, सेंद्रिय कार्बॉक्झिलेट, थोडं सिलिकेट आणि तांब्यासाठी ट्रायझोल अशा मिश्रणाकडं जा, पीएच जवळपास उदासीन ते साडेआठच्या आत ठेवून. आणि नाइट्राइट ठेवूनच वर अमाइन टाकायचा विचार असेल तर तो आजच सोडा, सेकंडरी अमाइनसोबत नायट्रोसअमाइन तयार होतात, ते कॅन्सरकारक.

एक्स्पोर्टवाला_जालना

सरांच्या मुद्द्यात भर घालतो, बोरेटचं कागदपत्रातही अवघडच आहे. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स तिकडं प्रजननाला घातक या वर्गात आहेत, ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की सामान्य ग्राहकाला विकताच येत नाही. हायड्राझिन, क्रोमेट असलं काही तर नावच काढू नका. युके रीचमध्ये (तिकडचा केमिकल नोंदणीचा कायदा) प्रत्येक घटक वेगळा मोजतात, वर्षाला एक टनाच्या वर एखादा घटक गेला की रजिस्ट्रेशन, ते तिकडचा इम्पोर्टर करेल किंवा तुम्ही तिथं ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे तुमच्या वतीने नोंदणी करणारा प्रतिनिधी, नेमायचा. सेफ्टी डेटा शीट तिकडच्या नियमाची लागेल, इथली चालत नाही. हे डिस्ट्रिब्युटरशी बोलून करारातच लिहून घ्या की कोण करणार, नंतर कंटेनर पोर्टवर उभा राहतो आणि दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

केमिकलवाली_वाळूज

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आहे तो फॉर्म्युला पाठवायचाच नाही हे पक्कं झालं. आता दोन शंका. बिल्डसर्टकडं सॅम्पल पाठवायच्या आधी इथं स्वतः काय काय तपासून घेऊ, कारण तिथं नापास होऊन पैसे घालवणं आमच्यासारख्याला परवडत नाही. आणि एकदा अप्रूव्हल मिळालं तर नंतर रॉ मटेरियलचा सप्लायर बदलला तर चालतं का? इकडं तर भाव वाढला की आम्ही लगेच दुसरीकडून घेतो.

अंबाजोगाईकर_युके

ताई, सप्लायरचं आधी. अप्रूव्हल हे नावाला नाही, त्या फॉर्म्युल्याला आणि त्या डोसला असतं. एक टक्क्याला पास झालं म्हणजे अर्ध्या टक्क्याला चालेल असं होत नाही. फॉर्म्युल्यात बदल करायचा तर त्यांना कळवूनच, म्हणून भाव वाढेल तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवा, दोन सप्लायर सुरुवातीपासून पक्के करून ठेवा आणि दोघांचाही माल घेऊन टेस्ट करा.

आणि एक गोष्ट साइटवरची. मी जुन्या घरात गेलो की आत आधीच कुठलं तरी इनहिबिटर असतं, कधी दोन-तीन मिसळलेले. तुमच्या लेबलवर स्पष्ट लिहा की आधी क्लीनर, मग फ्लश, मग हे. जुन्या सांध्यांना सोल्डर करताना लावलेल्या फ्लक्सचं (पेस्टचं) क्लोराइड धुऊन गेलं नाही तर जगातलं कुठलंच इनहिबिटर तांब्याला वाचवत नाही. जर्मनीत तर व्हीडीआय २०३५ या तिथल्या मार्गदर्शक नियमाप्रमाणे बरेच जण केमिकल टाकतच नाहीत, क्षार काढलेलं पाणी भरतात. सांगायचं कारण एवढंच की पाणी आधी नीट करावं लागतं, बाटली त्यानंतर.

निवृत्त_केमिस्ट_नांदेड

घरच्या चाचणीबद्दल. पाच धातूंची कूपनं घ्या, माइल्ड स्टील, कास्ट आयर्न, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम. दोन पाणी करा, एक मऊ, दुसरं कठीण, कारण स्कॉटलंडचं पाणी मऊ आणि लंडनचं खडूच्या खडकातून येणारं चुनखडीचं. कठीण पाण्यासाठी आपल्या बोअरचं वापरायचा मोह होईल, पण ते दर महिन्याला बदलतं, उन्हाळ्यात तर वेगळंच येतं, म्हणून डिस्टिल्ड पाण्यात क्षार मोजून टाकून स्वतः बनवा, तरच आज आणि सहा महिन्यांनी केलेली चाचणी जुळेल. थोडं क्लोराइड घालाच. प्रत्येक वेळी बिनइनहिबिटरचं एक भांडं शेजारी ठेवा, एक पूर्ण डोसचं आणि एक अर्ध्या डोसचं. अर्ध्या डोसचं भांडं सगळ्यात महत्त्वाचं. त्यात खड्डे दिसले तर फॉर्म्युला घरगुती वापराच्या लायक नाही, पूर्ण डोसचा रिझल्ट कितीही सुंदर असो.

हिशेब असा. वजनातली घट मिलिग्रॅममध्ये, तिला ८७.६ ने गुणा, मग घनता, चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ आणि तास यांच्या गुणाकाराने भागा, उत्तर वर्षाला किती मिलिमीटर ते येतं. स्टीलचं २० चौरस सेंटिमीटरचं कूपन ३३६ तासांत ६ मिलिग्रॅम घटलं तर दर साधारण ०.०१ मिलिमीटर. पण ॲल्युमिनियमची घनता २.७, त्यामुळं तेवढीच मिलिग्रॅम घट म्हणजे जाडीत जवळपास तिप्पट झीज. नुसती वजनं शेजारी लिहून फसू नका. आणि सरासरी दर चांगला आला तरी भिंगाखाली खड्डे बघायचे, रेडिएटरचा पत्रा पातळ असतो, सरासरीनं तो फुटत नाही, एका खड्ड्यानं फुटतो.

रबरासाठी ईपीडीएम या रबराच्या सीलचे तुकडे गरम द्रावणात ठेवून आधी-नंतर वजन, जाडी आणि कडकपणा मोजा. फॉर्म्युल्यात तेलकट काही असेल तर ईपीडीएम फुगतं. चिकलठाण्यात सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे, तिथं विचारा. गंजाच्या बाजूसाठी विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागाशी किंवा जालन्याच्या आयसीटीशी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बोलून बघा, एखाद्या एमटेकच्या पोराला प्रोजेक्ट म्हणून दिलं तर त्यालाही शिकायला मिळेल.

केमिकलवाली_वाळूज

सर, लगेच कामाला लागते. शेवटचं एक, ॲल्युमिनियमचं कूपन बाजारात मिळणाऱ्या पत्र्याचं कापलं तर चालेल का?

निवृत्त_केमिस्ट_नांदेड

नाही. पत्रा जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा असतो, त्याचा रिझल्ट उगाच चांगला दिसेल. बॉयलरचा एक्स्चेंजर ओतीव ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा असतो. तुमच्या वाळूजमध्ये डायकास्टिंगवाले भरपूर आहेत, त्यांच्याकडून एकाच बॅचचे तुकडे आणि त्या बॅचचा ॲनालिसिस रिपोर्ट घ्या. मिश्रधातूत तांबं जास्त असेल तर तो तुकडा आपोआपच जास्त गंजतो, म्हणून कमी तांब्याचा ग्रेड मागा. वरची कास्टिंगची कातडी एमरी पेपरनं काढा, ॲसिटोननं धुवा, वाळवा आणि मगच पहिलं वजन घ्या, चार दशांश स्थळांच्या तराजूवर.