तूदीगोंग: ग्रामदैवत, क्षेत्रपाल की राखणदार?

तैवानमधल्या एका खेड्यातल्या ताओ मंदिरावरचा मजकूर मराठीत आणतेय. नानतौ जिल्ह्यातलं त्झनान मंदिर, १७४५ सालचं. मुख्य देव तूदीगोंग. तूदी म्हणजे जमीन, गोंग म्हणजे आजोबा. पांढरी दाढी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सोनं. मी 'ग्रामदैवत' लिहिलंय, पण खटकतंय.

— खटकणारच. ग्रामदैवत गावाचा धनी. तूदीगोंग नेमलेला अंमलदार आहे. वर स्वर्गाचा राजा जेड सम्राट, शहरांना छंगह्वांग हे नगरदेव, आणि अगदी खालच्या पायरीवर हा, आपापली हद्द सांभाळणारा. एकाच शिवारात अनेक असतात. तिकडे म्हणतातच, शेताच्या या टोकाला तूदीगोंग, त्या टोकालाही तूदीगोंग. 'क्षेत्रपाल' अर्थाने बसतो, कारण क्षेत्र म्हणजे शेतही. पण आपल्या कानाला त्यात भैरव ऐकू येतो. मी 'राखणदार' घेईन. कोकणातला राखणदारही हद्दच राखतो.

— राखणदाराचा धाक असतो हो! हा तर हसरा म्हातारा. शिवाय आपल्याकडे जमीन म्हणजे देवी: सातेरी, भूमिका. त्यांच्याकडे आजोबा, आणि बऱ्याच देवळांत शेजारी आजी, तूदीपो.

— धाकाचं पटलं. मग 'राखणदार आजोबा' करा, 'गोंग'ही सुटत नाही. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला शेतकरी बांबूच्या काठीत पूजेचा कागद खोचून ती शेतात रोवत, आजोबांना टेकायला. असल्या देवाला 'क्षेत्रपाल' म्हणवत नाही.

छान, हेच घेते. आणखी एक शब्द अडलाय. भक्त लाकडाचे दोन अर्धचंद्राकृती तुकडे टाकून देवाला विचारतात. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. 'फासे' म्हणू?

— नको, फाशांत पैज येते. याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: कौल. आपण पाकळ्या लावतो, ते लाकूड टाकतात, विचारणं तेच. होकाराला 'उजवा कौल' म्हणा. त्झनानमध्ये तर हा शब्द दुहेरी बसतो. तिथे धंद्याच्या भांडवलासाठी देव उसने पैसे देतो. पहिल्याच टाकण्याला होकार आला तर ६०० तैवानी डॉलर, मग प्रत्येक नकाराला १०० कमी, परतफेड वर्षभरात. कौल मूळचा अरबी, अर्थ बोल, वचन. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार द्यायचं तो कौलनामा याच शब्दातून आला. जमिनीच्या देवाने भांडवल द्यायचं आणि माणसाने फेडीचं वचन, दोन्हीला 'कौल' पुरतो.