गुहागरहून अमेरिकी प्रोसेस घरून: वीज आणि नेटची सोय काय करावी?

गुहागरकर:
धाकट्या भावाला अमेरिकी व्हॉइस प्रोसेसचं, म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकांशी फोनवर बोलायचं काम मिळतंय, घरूनच. लॅपटॉप, हेडसेट कंपनीचा, बाकी आपलं. १०० एमबीपीएस फायबर आहे, पण पावसात लाइट कशी जाते ते सांगायला नको. २०० चा प्लॅन घ्यावा का?

सड्यावरचा:
प्लॅन वाढवू नका, पैसे फुकट जातील. एका कॉलला जेमतेम १०० केबीपीएस लागतात. आवाज तुटतो तो जिटर (डेटा पोचायच्या वेळेतला चढउतार) आणि पॅकेट लॉसमुळे (वाटेत हरवलेला डेटा). जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत, लॉस १ टक्क्याच्या आत हवा. वायफाय नको, लॅन केबलच लावा. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वायफायचा निम्मा जीव जातो. खाऱ्या हवेने केबलच्या पिना हिरव्या पडतात. कॉल तुटायला लागले की आधी तिथे बघा आणि टोक कापून नवा कनेक्टर लावून घ्या.

इन्व्हर्टर असूनही कॉल जातो, कारण लाइट जाताच राउटर क्षणभर बंद पडतो. तो उठून व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलीच. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका, त्यात तो इतक्या झटपट बॅटरीवर जातो की राउटर बंद पडत नाही. मात्र व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की या मोडमध्ये तो बॅटरीवर जातो, आणि संध्याकाळी आपल्याकडे ते उतरतंच. त्यापेक्षा राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) बरा. फायबरचा मोडेम वेगळा असेल तर त्यालाही; हे हमखास विसरतात. लॅपटॉप, राउटर, पंखा, दिवा मिळून १५० वॅट धरले, तर १५० एएचची नवी बॅटरी सात-आठ तास काढते. फ्रिज त्यावर नको.

माडाखाली:
दुसरं फायबर बॅकअपला घेऊ नका. बहुतेक ठिकाणी दोन्ही केबली त्याच खांबांवरून येतात, माड पडला की दोन्ही गेल्या. दुसऱ्या कंपनीचा मोबाइल डेटा ठेवा. आयपी (नेटवरचा पत्ता) बदलला तर व्हीपीएन चालतो का, हे मात्र आधी विचारून घ्या. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा. फायबर काचेचं, झटका येतो तो अडॅप्टरमधून.

रात्रपाळी:
वेळही बघा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून ७:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पाळी परत तासभर अलीकडे येते, लेट लॉगिन तेव्हाच लागतात. लाइट गेली की टीम लीडरला वेळेसकट चॅटवर कळवा, महावितरणचा मेसेज जपून ठेवा. नाहीतर ती मिनिटं अ‍ॅडहिअरन्समध्ये (पाळीची वेळ पाळल्याच्या हिशेबात) धरतात आणि इन्सेंटिव्ह जातो.

गुहागरकर:
कंपनी म्हणते फोनचा हॉटस्पॉट चालणार नाही, केबलच हवी.

माडाखाली:
मग सिम टाकायचा ४जी राउटर घ्या, लॅन पोर्टवाला. तोही मिनी यूपीएसवर.