हॅमेलबर्गचा छापा: जावयासाठी ३०० माणसं पणाला?

रातकिडा:
मार्च १९४५. जर्मनी हरल्यातच जमा होता. तरी अमेरिकेच्या जनरल पॅटनने कॅप्टन अब्राहम बाउमला ३००हून अधिक सैनिक आणि १६ रणगाडे देऊन शत्रूच्या मुलखात सुमारे ८० किमी आत, हॅमेलबर्गच्या युद्धकैद्यांच्या छावणीवर पाठवलं. छावणीत कोण? त्याचा जावई, लेफ्टनंट कर्नल जॉन वॉटर्स, १९४३ साली ट्युनिशियात पकडला गेलेला. आपल्या हद्दीत परतले सुमारे ३५ जण. गाडी एकही नाही. माझ्या मते हा सरळसरळ घरगुती कामासाठी फौज वापरण्याचा प्रकार होता.

खंदक:
असहमत. जावयाचा मसाला चविष्ट आहे म्हणून सगळे तोच चघळतात. ३० जानेवारी १९४५ला फिलिपीन्समध्ये काबानातुआनच्या जपानी छावणीतून अमेरिकनांनी ५००हून अधिक कैदी सोडवले होते. ते जमलं, तर इथे का नको? शिवाय कैद्यांचं पुढे काय होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? वॉटर्स आणि त्याच्या सोबत्यांना पोलंडमधल्या छावणीतून भर हिवाळ्यात चालवत पश्चिमेकडे आणलं होतं. आज घरी बसून 'युद्ध संपलंच होतं' म्हणणं सोपं आहे.

दुर्बीण:
खंदक, काबानातुआनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथे आधी टेहळणी झाली, गनिमी काव्याने लढणाऱ्या स्थानिकांनी जपान्यांच्या वाटा अडवून धरल्या. इथे? अंदाज ३०० कैद्यांचा, निघाले १३००च्या वर. बसवणार कुठे? बहुतेकांना परत छावणीची वाट धरावी लागली. बाउमचा वरिष्ठ क्रेटन एब्रम्स याहून कितीतरी मोठी फौज मागत होता, ती दिली नाही. छावणीतच कैदेत असलेल्या सर्बियन अधिकाऱ्यांचे करडे गणवेश पाहून बाउमच्या लोकांनी त्यांना जर्मन समजून गोळीबार केला. तो थांबवायला वॉटर्स स्वतः बाहेर पडला आणि एका जर्मन सैनिकाची गोळी खाऊन कोसळला. ज्याला आणायला गेले तोच स्ट्रेचरवर!

खंदक:
आखणी फसली हे मान्य. पण फसलेली आखणी म्हणजे वाईट हेतू नव्हे. वॉटर्स तिथे आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं पॅटन शेवटपर्यंत सांगत राहिला.

रातकिडा:
माहीत नव्हतं? मग स्वतःचा एडीसी (खास मदतनीस अधिकारी) मेजर स्टिलर या तुकडीबरोबर कशाला धाडला? तो वॉटर्सला चेहऱ्याने ओळखायचा. रणगाड्यांच्या धाडीत एडीसीचं दुसरं काय काम होतं ते सांगा.

आगंतुक:
मध्येच तोंड घालतो. वॉटर्स जगला तो छावणीतल्या सर्बियन डॉक्टरमुळे, कर्नल दानिच. ज्यांच्यावर चुकून गोळ्या झाडल्या त्यांच्यातलाच तो. त्याचं नाव इथे अजून कुणी घेतलं नव्हतं.

खंदक:
स्टिलरच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही १३०० माणसं काटेरी तारांमागे असताना 'थांबा, होईल सगळं' असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

दुर्बीण:
थांबायचं तरी किती होतं? छाप्यानंतर जेमतेम दहा दिवसांत अमेरिकेची १४वी आर्मर्ड (रणगाड्यांची) डिव्हिजन तिथे पोचली आणि छावणी मुक्त झाली. पॅटनने ताबडतोब स्वतःचा डॉक्टर पाठवला आणि वॉटर्सला विमानाने हलवलं. बाउमही जखमी होऊन तिथेच पडला होता. त्याच्यासाठी विमान आलं नाही.