नेपल्समध्ये शाकाहारी मंडळींना रस्त्यावर काय खाऊ घालावं? मदत हवी आहे

सासू-सासरे सोबत आहेत, दोघंही पक्के शाकाहारी. काल भर उन्हात कापेल्ला सान्सेवेरो या छोट्या प्रार्थनागृहात गेलो, १७५३ सालचा तो संगमरवरी ओढणीखालचा ख्रिस्त बघायला. दार बंद. मंगळवारी सुट्टी! तंगडतोड करत पुरातत्त्व संग्रहालय गाठलं, तर तिथेही मंगळवारचीच सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "यांचा काय मंगळवारचा उपास असतो का गं?"

मग स्पाक्कानापोलीच्या गल्लीत खायला शिरलो. तळलेला पिझ्झा समोर आला, टम्म फुगलेला, कागदातून तेल ओघळतंय. सासऱ्यांनी हात पुढे केलाच होता, तेवढ्यात विचारलं म्हणून बरं. आत रिकोटा चीजबरोबर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. बटाट्याच्या क्रोक्केत (तळलेले रोल) हॅम असू शकतं, आणि स्फोल्यातेल्लासारख्या गोड पदार्थातही पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी पडते. शेवटी चीज नसलेला मारिनारा पिझ्झा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो) आणि लिंबाचं ग्रानिता (बर्फाचा गोळ्यासारखा गारेगार प्रकार) यांवर भागवलं. मारिनारा झकास होता, पण रोज तेच कसं देणार?

उद्या संध्याकाळी रोमला निघायचंय. तेव्हा जाणकारांनो, पटकन सांगा:

तळणीचं तेल वेगळं ठेवणारी एखादी गाडी किंवा दुकान कुणाला माहीत आहे का? सान्सेवेरोची तिकिटं ऑनलाइन संपलेली दिसतात, सकाळी दारावर मिळण्याची काही आशा? आणि उद्या पॉम्पेई (प्राचीन रोमन शहराचे अवशेष) करावं की संग्रहालय? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पॉम्पेईचे दगडी रस्ते झेपतील का, ही खरी काळजी आहे.