कपाट आवरताना हात का थबकतो?

प्रश्न: गेले तीन रविवार मी कपाट आवरायला बसते आणि दर वेळी काच तडकलेले घड्याळ, झाकण हरवलेला डबा आणि कुठल्याशा चार्जरची वायर हातात घेऊन, पुन्हा होती तिथेच ठेवून उठते. घर आवरले की मन मोकळे होते म्हणतात. माझी चिडचिडच वाढते. असे का व्हावे?

प्रतिसाद १: वस्तू आपली झाली की आपल्याच नजरेत तिचे मोल वाढते, या प्रवृत्तीला अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये ‘एंडाउमेंट इफेक्ट’ असे नाव दिले. म्हणून ‘हे टाकू का?’ याऐवजी ‘हे माझ्याकडे नसते, तर आज विकत आणले असते का?’ असे स्वतःला विचारून पाहा. वायरीचा निकाल तरी लगेच लागेल.

प्रतिसाद २: घड्याळाची मात्र घाई करू नका. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी घ्याव्यात, कारण त्या सुरुवातीलाच हाती आल्या की आवरणे राहते बाजूला आणि माणूस जुन्या दिवसांत हरवतो.

प्रतिसाद ३: मनातल्या पसाऱ्यासाठी मी राहिलेली कामे रात्री कागदावर उतरवून ठेवतो. झोप लवकर लागते. फक्त तो कागद सकाळी सापडायला हवा!

प्रश्नकर्ती: वायर ई-कचऱ्यात दिली. घड्याळ ठेवले आहे.