व्हेनेझुएलातली टंचाई: दोष अमेरिकेचा की सरकारचा?

परळकर: लोकलच्या डब्यातल्या गप्पांमध्ये एकाने ठासून सांगितलं की व्हेनेझुएलात लोक उपाशी राहिले ते निव्वळ अमेरिकेच्या निर्बंधांमुळे. मला साफ नामंजूर. भावनियंत्रण आणि डॉलरवर सरकारी ताबा २००३ पासून. मक्याचं पीठ, दूध, तेल यांचे भाव खर्चाच्याही खाली बांधल्यावर कारखानदार माल काढेल कशाला? २०१० मध्ये बियाणं-खतं पुरवणारी अ‍ॅग्रोइसलेन्या ही खासगी कंपनी सरकारजमा केली. त्याच वर्षी पुएर्तो काबेयो बंदरात सरकारनेच आयात केलेल्या अन्नाचे कंटेनर सडलेले सापडले. कडक आर्थिक निर्बंध ऑगस्ट २०१७ चे. दुकानांपुढच्या रांगा त्याच्या कितीतरी आधीच्या.

लालबागची लेक: तेल विसरलात. निर्यातीची जवळजवळ सगळी कमाई तेलाची. २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली. धान्य बाहेरून आणणाऱ्या देशाने गहू घ्यायचा कशाने?

परळकर: तेल सौदी, कुवेतचंही पडलं. तिथे पिठासाठी रांगा लागल्या?

गोरेगावच्या काकू: आपलंच आठवा. १९७३ मध्ये इंदिराबाईंच्या सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हातात घेतला. सरकारी भावात पुरेसा गहू आलाच नाही, पुढच्या वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. पण त्याच सुमारास मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चात निघालेल्या आम्हा बायकांना रेशन बंद नको होतं, रेशनवर धान्य हवं होतं. रेशनमध्ये शेतकऱ्याला हमीभाव मिळतो, फरक सरकार सोसतं. व्हेनेझुएलाने तो उत्पादकाच्या गळ्यात मारला. माझ्या मते चूक तिथे आहे, गरिबाला स्वस्त देण्यात नाही.

लालबागची लेक: काकू, मेर्कालची सरकारी दुकानं तेच करत होती, तेलाच्या पैशावर. भूक कमी केली म्हणून २०१३ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, दखलही घेतली. पैसा आटला आणि वर २०१९ मध्ये तेलावरच निर्बंध आले.

परळकर: आणि त्याच २०१९ मध्ये भावनियंत्रण ढिलं केल्यावर दुकानं भरली! निर्बंध तर तेव्हाच सगळ्यात कडक होते. याचं उत्तर द्या.

लालबागची लेक: भरली, पण डॉलरच्या भावाने. बोलिव्हार या तिथल्या चलनात पगार घेणारी शिक्षिका तेव्हाही क्लाप या सरकारी योजनेच्या स्वस्त पेटीतल्या तांदूळ-पिठावरच होती. ती पेटीही बंद करायची का?