दिवसभर संगणकासमोर बसण्यासाठी खुर्ची कशी निवडलीत?

गेली अकरा वर्षे मी घरून भाषांतराचे काम करते. रोजचे आठ-नऊ तास संगणकासमोर जातात. कंबर दुखू लागली तेव्हा जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची सोडून मी उंच पाठीची, जाड गादीची खुर्ची आणली आणि दोन महिन्यांत दुखणे कमरेवरून माकडहाडापर्यंत उतरले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला त्याच खुर्चीत पाठ टेकून बसायला सांगितले आणि बैठकीची कडा व माझी पोटरी यांच्यामध्ये बोटे घालून पाहिली. तेथे दोन-तीन बोटांची जागा हवी होती, पण एकही बोट शिरेना. माझी उंची १५२ सेंटीमीटर आहे. बैठक माझ्या मांडीपेक्षा लांब असल्यामुळे पाठ टेकली की कडा गुडघ्यामागे रुतत असे आणि पुढे सरकले की कंबर अधांतरी राहत असे. खुर्ची वाईट नव्हती, ती माझ्या मापाची नव्हती.

आपण खुर्ची कशी पारखली, काय चुकले आणि कशाचा उपयोग झाला, हे कृपया सविस्तर लिहावे. किंमत लिहिली नाही तरी चालेल, परंतु आपली उंची अवश्य लिहावी, कारण त्याशिवाय एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही.

नाशिक, सनदी लेखापाल, उंची १७८ सेंटीमीटर

दुकानात पाच मिनिटे बसून मऊ वाटलेली गादी वर्षभरात दबली आणि खालची प्लायवूडची फळी मांड्यांना लागू लागली. तेव्हापासून मी गादी अंगठ्याने जोरात दाबून पाहतो. अंगठा थेट फळीला टेकत असेल, तर ती खुर्ची घेत नाही. दुसरी अडचण उंचीची होती. सकाळी वर केलेली खुर्ची दुपारपर्यंत आपोआप खाली येई. दुकानदार ज्याला हायड्रॉलिक म्हणतात, ती प्रत्यक्षात गॅस भरलेली नळी असते आणि आतले सील खराब झाले की ती खचते. अशा वेळी खुर्ची टाकून देऊ नये, कारण केवळ नळी बदलून मिळते. माझी बदलल्याला तीन वर्षे झाली.

रत्नागिरी

कोकणच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याची खुर्ची घेऊ नये. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचे पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटू लागले. आता जाळीच्या पाठीची खुर्ची आहे आणि घाम साचत नाही.

कोल्हापूर, अक्षरजुळणी, उंची १६० सेंटीमीटर

मला खुर्चीतही अधूनमधून मांडी घालून बसण्याची सवय आहे आणि पक्के हात असलेल्या खुर्चीत गुडघे अडतात. म्हणून हात काढता येतील अशीच खुर्ची मी शोधली. मात्र हात नसतील, तर कोपरांना टेबलाचाच आधार लागतो, आणि माझे खांदे सतत उचललेले का राहतात हे मला बरेच दिवस कळले नव्हते. टेबल ७५ सेंटीमीटर उंच होते. अखेर सुताराला बोलावून त्याचे पाय ६ सेंटीमीटरने कापून घेतले. आता खांदे सैल सोडले की कोपर काटकोनात येतात आणि मनगटे सरळ राहतात. टेबल मोजल्याशिवाय खुर्ची घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आमच्या कार्यालयात १९९४ साली बाजारात आलेली, जाळीची प्रसिद्ध एरॉन खुर्ची आहे. एवढी नावाजलेली खुर्ची मला का टोचते, याचे उत्तर सहा महिन्यांनी सापडले. ती ए, बी आणि सी अशा तीन मापांत मिळते आणि मला मोठे सी माप दिले गेले होते. बी मिळाल्यावर टोचणे थांबले.

नागपूर, फिजिओथेरपिस्ट

उभे असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूने बाक असतो. बसल्यावर ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो, तो बाक सपाट होतो आणि मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब वाढतो. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा हा बाक टिकवण्यासाठी असतो. तो साधारणपणे आपण पट्टा बांधतो त्या उंचीवर यायला हवा, त्यामुळे तो वर-खाली करता येतो का, हे पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना ताठ नव्वद अंशांत बसणेच योग्य वाटते, परंतु पाठ १०० ते ११० अंशांपर्यंत मागे टेकवल्यास कमरेवरचा भार हलका होतो. ज्या खुर्चीत पाठ मागे झुकताना बैठकही तिच्या साधारण निम्म्या प्रमाणात कलते, ती मला अधिक पसंत आहे, कारण तीत पावले जमिनीवर टेकलेली राहतात. आणि खुर्ची कितीही चांगली असली, तरी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावेच.

धागाकर्तीची भर

कोल्हापूरचा अनुभव वाचून मी काल टेप घेऊन बसले. माझे टेबलही ७५ सेंटीमीटरच भरले. परंतु ते भिंतीत बसवलेले असल्यामुळे कापता येत नाही. खुर्ची कोपरांच्या मापाने वर घेतली, तेव्हा पावले जमिनीपासून १० सेंटीमीटर वर लोंबकळू लागली. माळ्यावरचे जेवणाचे दोन पाट काढून एकावर एक ठेवले, घसरू नयेत म्हणून मध्ये जुन्या योगासनांच्या चटईचा तुकडा घातला आणि त्यांवर पाय ठेवून आज दिवसभर काम केले. मांड्यांखालचा ताण गेला आहे. नव्या खुर्चीसाठी आता मी केवळ ४० ते ४२ सेंटीमीटर खोल बैठकीच्याच खुर्च्या पाहणार आहे.